दहाव्या दिवसानंतरचं दुखणं

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं राहणाऱ्या वेदनेची नोंद व उपचार होण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशा पत्रांवर आमची निम्मी नोकरी चालते, त्यामुळे वरचा विषय सवयीने लिहून गेले. पुढचा मजकूर त्या साच्यात बसणारा नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

माझ्या उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. आजार आटोक्यात आहे. तपासणीला गेले की डॉक्टर फाईल चाळतात, रिपोर्ट बघतात आणि म्हणतात, “छान, सगळं नॉर्मल आहे.” ते खरंच बोलतात. फाईलमध्ये सगळं नॉर्मलच आहे.

वर्गात मात्र मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिते. हात खांद्याच्या वर गेला की व्रणापासून निघालेली कळ काखेतून दंडाच्या आतल्या बाजूने थेट कोपरापर्यंत जाते आणि खडू हातातून सुटतो. दंडाची ती आतली बाजू मोठी चमत्कारिक झाली आहे. चिमटा काढला तर कळत नाही, पण साडीची जर नुसती घासली तरी आग होते. बधिरपणा आणि जळजळ एकाच चार बोटं जागेत. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. एसटीत वरच्या दांडीला धरता येत नाही आणि गर्दीत कोणाचं कोपर लागेल या धास्तीने मी पाटी-दप्तरासारखी पर्स छातीशी धरून उभी असते. मागच्या बाकांवरची पोरं ओरडतात, “बाई, वर लिहा ना, दिसत नाही.” त्यांना काय सांगणार?

हे असं का होतं ते मला शस्त्रक्रियेच्या आधी कोणी सांगितलं नाही, नंतरही नाही. पुष्कळ काळाने पुण्यात वेदनेवर उपचार करणाऱ्या एका भूलतज्ज्ञ बाईंकडे मी पोचले. त्यांनी माझ्याच केसपेपरच्या पाठीवर पेनाने आकृती काढली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून एक बारीक नस बाहेर पडते, काख ओलांडते आणि दंडाच्या आतल्या कातडीत पसरते. नाव लांबलचक आहे, इंटरकोस्टोब्रेकियल. हात हलवण्याशी तिचा काही संबंध नाही, स्पर्श कळवणं एवढंच तिचं काम. काखेतल्या गाठी काढायच्या तर ती नेमकी वाटेत येते. मग ती कापली जाते, ताणली जाते किंवा पुढे व्रणाच्या कडक झालेल्या मांसात अडकते. रेडिएशनने ती जागा आणखी आवळते. दुखावलेली नस कोणी न बोलावता मेंदूकडे निरोप धाडत राहते, आणि मेंदूला तो निरोप खरा वाटतो. काही जणींना तर जो स्तन काढून टाकला तोच दुखतो. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. दुखणं तसूभर कमी झालं नव्हतं. पण मी वेडी नव्हते.

ही नस जपता येते, पण दर वेळी नाही. गाठी तिला चिकटल्या असतील तर सर्जनने ती कापायलाच हवी, आणि आपल्याकडच्या बायका गाठ लिंबाएवढी होईपर्यंत अंगावर काढतात. मग काख अर्धवट साफ करून कसं चालेल? तेव्हा हे पत्र सर्जनवर खापर फोडण्यासाठी नाही. माझा जीव त्यांनीच वाचवला. इतिहास शिकवते म्हणून एक गोष्ट आठवते. पूर्ण भूल देऊन केलेली, नोंदीत असलेली पहिली मोठी शस्त्रक्रिया जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली केली, आणि ती स्तनाच्या कर्करोगाचीच होती. म्हणजे टेबलावरच्या बाईला दुखू नये याची काळजी दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. ती टेबलावरून उतरून घरी गेल्यानंतरची काळजी अजून सुरू व्हायची आहे.

हे फक्त माझंच रडगाणं नाही. डेन्मार्कमध्ये २००५ आणि २००६ या दोन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या देशभरातल्या बायकांना दोन-तीन वर्षांनी प्रश्नावली पाठवली गेली. ३,२५३ जणींनी उत्तरं दिली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. ४७ टक्के बायकांना तेव्हाही दुखत होतं. दुखणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणींचं दुखणं मध्यम किंवा तीव्र होतं. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या, रेडिएशन झालेल्या आणि वयाने तरुण अशा बायकांना धोका जास्त दिसला. आणि ज्यांना दुखत होतं त्यांच्यापैकी मागच्या तीन महिन्यांत त्यासाठी डॉक्टरकडे गेलेल्या किती? जेमतेम वीस टक्के. हे डेन्मार्क, जिथे दवाखान्यात जायला शेतावरचा खाडा करावा लागत नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्या बायकांना हा रोग पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो आणि उशिरा सापडतो. म्हणजे तरुण वय आणि साफ केलेली काख, दोन्ही आपल्या पदरी. डेन्मार्कची टक्केवारी उचलून इथे गुणाकार करू नये एवढं गणित मी जाणते. पण आपली टक्केवारी काढायची तर आधी बायकांना विचारायला हवं, आणि विचारतं कोण?

आता आपल्या खात्याच्या योजनेकडे येते. मी जिल्हा परिषदेची नोकर, माझी बिलं वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाईलमधून गेली. पण माझ्या शेजारच्या खाटांवरच्या बहुतेक बायका महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आल्या होत्या आणि त्या योजनेमुळेच त्या तिथे होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २ जुलै २०१२ रोजी दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली. दीड लाखांचं संरक्षण पाच लाखांवर गेलं, रेशन कार्डाच्या रंगाची अट गेली. सरकारं बदलली, नाव बदललं, योजना टिकली. याचं मला कौतुक आहे आणि ते मनापासून आहे.

पण या योजनेचा हिशेब पॅकेजचा. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यापासून दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली असतात. अपेंडिक्सला दहा दिवस पुरतात. दुसरीकडे वैद्यकशास्त्र शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही राहिलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीत या दुखण्याला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. म्हणजे दहाव्या दिवशी पॅकेज संपतं आणि नव्वदाव्या दिवशी आजार सुरू झाला असं शास्त्र म्हणतं. मधले ऐंशी दिवस आणि पुढची सगळी वर्षं बाईने कोणाच्या दारात उभं राहायचं?

पाठपुराव्याचं पॅकेज ही कल्पना योजनेला परकी नाही. सुरुवातीच्या आराखड्यातच ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवा होत्या. त्यामुळे मी मागते आहे ती नवी योजना नाही, यादीत एक ओळ आहे.

केमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बीडकडची एक बाई असायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीनंतर आमच्याच भागात ऊसतोडीला येणारी. आम्ही सलाइनच्या थेंबांकडे बघत गप्पा मारायचो. उपचार संपल्यावर पुढच्या हंगामात ती पुन्हा फडात उभी राहिली, कारण उचल घेतलेली होती. उजव्या हाताने कोयता मारायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून वर चढायचं. हात वर केल्याशिवाय डोक्यावरची मोळी धरता येत नाही. मला ती बाजारात भेटली तेव्हा तिचा हात पंजापासून दंडापर्यंत सुजलेला होता, बांगड्या काढून टाकल्या होत्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, “कॅन्सर गेला म्हनले ना बाई. आता नुसतं दुखतंय म्हणून मुकादमाला काय सांगू?” तिच्या त्या ‘नुसतं’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला खालच्या अर्ध्या फळ्यावर भागवता येतं. तिला अर्धा कोयता कोण देणार?

घरीदारी हेच चालतं. “जीव वाचला ना, मग हात दुखला तर काय झालं” हे वाक्य मी सासूबाईंकडून, सहशिक्षकांकडून आणि एकदा देवळात अनोळखी बाईकडूनही ऐकलं आहे. सगळे प्रेमानेच बोलतात. वाचल्याबद्दल आपण सतत कृतज्ञ दिसलं पाहिजे असा अलिखित नियम आहे, आणि तो आम्ही बायकाच सगळ्यात कडक पाळतो. त्यात जागा छातीची. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येतं. व्रणावर ब्लाउजची शिवण टोचते हे शिंपिणीला सांगतानाही आवाज खाली येतो.

आणि मनातल्या भीतीचं काय? रात्री कळ आली की पहिला विचार एकच : परत आला का? हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. नवं, वाढत जाणारं किंवा हाडात ठुसठुसणारं दुखणं असेल तर डॉक्टरांनी ते तपासायलाच हवं. पण तपासून झाल्यावर “काही नाही” म्हणून घरी पाठवतात तेव्हा भीती जाते, कळ तशीच राहते. शिवाय सगळं दुखणं नसेचंच असतं असंही नाही. खांदा आखडतो. काखेतून कोपराकडे ताणलेल्या दोऱ्या कातडीखाली हाताला लागतात. लेट्रोझोल घेणाऱ्यांचे सांधे सकाळी धरलेले असतात. हातात लसिका साठून तो जड होतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून कोणीतरी हात लावून, हात वर करायला सांगून, नीट बघावं लागतं. त्याला पाच-सात मिनिटं लागतात, आणि ओपीडीत नेमकी तीच नसतात.

इलाज आहेत, आणि बरेचसे स्वस्त आहेत, म्हणून तर राग येतो. नसेचं दुखणं पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकला फारशी दाद देत नाही. तरी बायका मेडिकलमधून त्याच पट्ट्या आणतात आणि पोट नि मूत्रपिंडं धोक्यात घालतात. त्या भूलतज्ज्ञ बाईंनी मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं, रात्री झोपताना, अगदी लहान मात्रेत. जुनी, स्वस्त गोळी, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. मी चिठ्ठी घेऊन गावातल्या मेडिकलमध्ये गेले. मुलगा ओळखीचा, माझाच विद्यार्थी. चिठ्ठी वाचून तो काउंटरवरून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, ही डिप्रेशनची गोळी आहे. तुम्हाला कशाला?” मागे रांगेत आमच्या आळीतल्या दोघी. मी त्याला तिथेच शिकवायला घेतलं : मोठ्या मात्रेत ती उदासीवर चालते, लहान मात्रेत नसेचे निरोप मंद करते, तू फार्मसीला काय शिकलास? पोरगं लाजलं. पण माझ्यासारखी तोंडाळ मास्तरीण नसती तर? घरी जाऊन गोळ्या कपाटात टाकल्या असत्या, आणि ‘हिचं डोकं फिरलंय’ ही बातमी संध्याकाळपर्यंत वाड्यावाड्यांत पोचली असती. ज्या डॉक्टरने चिठ्ठी लिहायची त्याने हे दोन वाक्यांत आधी सांगायला हवं. तोंड कोरडं पडेल, पहिले काही दिवस सकाळी गुंगी राहील, हेही.

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन याही गोळ्या वापरतात, त्यांनी काहींना चक्कर येते. ड्युलॉक्सेटिनसुद्धा नसेच्या दुखण्यावर देतात, पण तॅमॉक्सिफेन शरीरात ज्या वाटेने कामी येतं ती वाट हे औषध काही प्रमाणात अडवतं, म्हणून तॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला ते विचार करूनच द्यायला हवं. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एवढं शिकवायला एक दुपार पुरेल. मोठ्या शहरातला तज्ज्ञ प्रत्येकीला लागणार नाही.

व्यायामाची गोष्ट तर आणखी साधी. ब्रिटनमधल्या सतरा रुग्णालयांत, खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायकांवर एक चाचणी झाली. निम्म्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांपासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम दिले, बाकीच्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षानंतर व्यायामवाल्यांचे हात जास्त चांगले चालत होते आणि दुखणंही कमी होतं. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. मला घरी सोडताना काय सांगितलं? “हात जपा, जड उचलू नका.” मी इतका जपला की तो खांद्यात बसला. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, दोन्ही हातांत काठी धरून डोक्यावर न्यायची, हे मी नंतर शिकले. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर अजून माझ्या खडूच्या खुणा आहेत, कुठपर्यंत हात पोचला त्याच्या.

स्वस्त गोष्टींना कमी लेखू नये हे आपल्या राज्यातूनच जगाने शिकलं आहे. परळच्या टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं साधं इंजेक्शन दिलं गेलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्या. २०२३ सालची ही गोष्ट. ते काम दुखण्याबद्दल नव्हतं, जगण्याबद्दल होतं. पण ज्या राज्यात असं काम उभं राहतं तिथे जगलेल्या बाईचा हात दुखतो का हे विचारणं जड जाऊ नये.

तर मागणं असं. आशाताई तीस वर्षांवरच्या बायकांचा जो फॉर्म भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, हा प्रश्न आहे. चांगला आहे. त्याच्याच खाली आणखी एक यावा : स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि झाली असेल तर छाती, काख किंवा हात दुखतो का? रुग्णालयाच्या पाठपुरावा कार्डावर वजन आणि रक्तदाबाशेजारी वेदनेचा रकाना हवा, शून्य ते दहा. पहिल्या तीन दिवसांचं दुखणं नीट नोंदवलंत तर पुढचा धोका ओळखायला मदत होईल, कारण सुरुवातीला ज्यांना तीव्र दुखतं त्यांचंच पुढे जास्त राहतं. प्रत्येक बाईला घरी सोडताना मराठीत, चित्रांसकट, व्यायामाचा एक कागद मिळावा आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडे तिची तारीख आधीच लागलेली असावी. हातावर चढवायची दाबपट्टीही त्याच पाठपुरावा पॅकेजमध्ये बसवा. बाजारात ती महाग पडते आणि काही महिन्यांत सैल होते.

एक सूचना जास्तीची. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि वेदनेची जाण असलेली माणसं तिथे असतात हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे पॅलिएटिव्हच्या खोलीचा अर्थ ‘आता काही उरलं नाही’ असा घेतात. बरी झालेली बाई त्या दारातून आत जाणार नाही. तीच माणसं, तीच औषधं, पण आठवड्यातून एक दिवस फिजिओच्या खोलीत बसवा. दारावर फक्त ‘हात-खांदा तपासणी’ लिहा. रांग लागेल.

ऑक्टोबरात आपल्या खात्याचे कार्यक्रम होतात, गुलाबी फिती लागतात, चालण्याच्या फेऱ्या निघतात. मलाही ‘कर्करोगावर मात केलेली शिक्षिका’ म्हणून व्यासपीठावर बोलावतात, नारळ आणि शाल देतात. शाल उजव्या खांद्यावर पडली की मी दात आवळून हसते आणि फोटो छान येतो. पुढच्या वर्षी बोलावलंत तर मी येईन, पण शाल डाव्या खांद्यावर घालायला सांगा.

या पत्राचं उत्तर आलं तर त्यात ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य नको. ते मी स्वतःच शाळेच्या पत्रांत इतक्यांदा लिहिलं आहे की त्याचा अर्थ मला पाठ आहे. कार्डावर तो रकाना कोणत्या महिन्यापासून येणार आणि पहिल्यांदा कोणत्या जिल्ह्यांत, एवढंच कळवावं.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
सातारा जिल्हा

प्रत माहितीस्तव : जिल्हा शल्यचिकित्सक, सर्व जिल्हे.